हुलू
इंडोनेशियातल्या क्रिस या सरळ किंवा नागमोडी कट्यारीच्या मुठीला मलय भाषेत ‘हुलू’ म्हणतात. हुलू म्हणजे डोकं. नदीचा उगमाकडचा भागही हुलूच. पश्चिम कालिमंतानात कापुआस नदीच्या वरच्या अंगाचा जिल्हा तो ‘कापुआस हुलू’! जावात मात्र मुठीला ‘उकिरान’, कारण ‘उकिर’ म्हणजे कोरणं. तिथला नामांकित घाट ‘नुंगाक सेमी’, म्हणजे पालवी फुटलेला बुंधा (नाव ठेवणारा कवीच असावा). त्यावर दोन छोटे कोरीव चेहरेवजा ठसे असतात. ते दिसले तर मूठ बहुधा मध्य जावाची. बालीच्या मुठीवर अख्खा देव किंवा राक्षस ठाण मांडून बसलेला आढळतो. डागडुजी करताना पॉलिश मात्र मारू नका. पिढ्यांच्या हातांनी चढलेली झिलई खरवडली, की वयाचा पुरावाच जातो.