मोकळ्या हातांची गोष्ट

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाची मुलांना घेऊन चार दिवस आमच्याकडे यायची होती. तिला उतरवून घ्यायला मी स्टेशनवर गेलो. बरोबर आमच्या आत्याबाईही हट्टाने आल्या. गाडी थांबली आणि भाची उतरली, ती काखेत धाकटे पोर आणि दुसऱ्या हातात थोरल्याचे मनगट अशा थाटात. सामान कुठे दिसेना. मग पाहतो तो तिच्या मागून एक भलीमोठी चाकांची बॅग पाळीव वासरासारखी मुकाट्याने चालत येत होती! कमरेच्या पट्ट्याला एक बंद अडकवलेला आणि त्याचे दुसरे टोक बॅगेला.

आत्याबाईंनी डोळ्यांवर हात धरून ते दृश्य न्याहाळले आणि म्हणाल्या, "अगं बाई, बैलासारखी स्वतःलाच जुंपून घेतलीस की गं!"

"हात मोकळे राहतात ना, आत्याआजी," भाची हसून म्हणाली.

"आमच्या वेळीही हात मोकळेच असत हो. ओझं हमालाच्या डोक्यावर असायचं."

बोलणे तेवढेच झाले. पण आत्याबाईंच्या त्या वाक्याने माझी पाठ सोडली नाही. प्रवासात हात मोकळे असावेत ही माणसाची फार जुनी हौस आहे. परंतु हातातले ओझे हातातून गेले म्हणजे ते नाहीसे होते असे थोडेच आहे? ते कुठेतरी जातेच. ते कुठे गेले, कोणाच्या अंगावर गेले, हा प्रश्न घेऊन मी इतिहासाची थोडी पाने चाळली. त्यातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

हात हे ओझे वाहण्याचे सर्वांत वाईट साधन आहे, हे माणसाला फार लवकर उमगले असावे. भरलेली बादली कोसभर हातात नेऊन पाहा. बोटे पांढरी पडतात. तेच पाणी हंड्यात भरून, डोक्यावर चुंबळ ठेवून, एखादी बाई गप्पा मारीत नेते. आपल्या वारकऱ्याने तर हात मोकळे ठेवण्याचे शास्त्रच केले होते. दोन्ही तोंडांना कप्पे असलेली पडशी खांद्यावर टाकली, की एक कप्पा छातीवर येतो, एक पाठीवर. वजनाला वजन लागते आणि दोन्ही हात टाळांना मोकळे. आता दिंडीचे जड सामान ट्रकातून जाते, परंतु पडशीची ती युक्ती जिने कोणी काढली तिला किंवा त्याला नमस्कारच केला पाहिजे.

कावडीचे तत्त्वही तेच. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेले, बंडाच्या वणव्यात सापडले, झांशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. मिळवलेले पुष्कळसे लुटले गेले. पण परतताना आईबापांसाठी गंगेची कावड मात्र त्यांनी घरी आणली. 'माझा प्रवास' वाचताना लढायांच्या धामधुमीपेक्षा ती कावडच माझ्या मनात अधिक रेंगाळते.

हिमालयात याहून निराळी तऱ्हा. नेपाळचा भारवाहक पाठीवर वेताची निमुळती टोपली घेतो, तिला म्हणतात डोको. तिच्या बुडाखालून येणारा रुंद पट्टा तो कपाळाच्या थोडा वर अडकवतो, तो नामलो. सारा भार मानेच्या कण्यावरून सरळ खाली उतरतो. हातात असते ती फक्त टोक्मा नावाची आखूड काठी. दम लागला की ती टोपलीखाली टेकवायची आणि उभ्या उभ्याच विसावायचे. २००५ साली शास्त्रज्ञांनी नामचे बाजारच्या वाटेवर या लोकांची वजने घेतली, तेव्हा पुरुषांच्या पाठीवरील ओझे सरासरीने त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के भरले! बायकांचे ६६ टक्के. त्याआधी १९८६ मध्ये आफ्रिकेतल्या केनियात अशीच पाहणी झाली होती. तिथल्या लुओ बायका डोक्यावर ओझे नेतात, किकुयू बायका कपाळाच्या पट्ट्याने. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचे ओझे त्या वाहतात आणि त्यासाठी त्यांच्या शरीराला जादा शक्ती खर्चावी लागत नाही, असे दिसून आले. लहानपणापासूनच्या सवयीने त्यांची चालच तशी घडलेली असते. ज्याला आपण 'अडाणी' काम म्हणतो, त्यात केवढी विद्या साठलेली असते पाहा!

आता कोणी विचारील, की एवढा खटाटोप कशाला? चाक नव्हते काय? होते तर! १९७४ साली अहिल्यानगर (त्या वेळच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या. त्यांतला एक दोन चाकांचा रथ आहे, पंचेचाळीस सेंटिमीटर लांबीचा. त्याला दोन बैल जुंपलेले आणि मागे हाकणारा गडी उभा. रेडा आणि गेंडा तर खुद्द चाकांवरच उभे केले आहेत. म्हणजे आपल्या या मातीतला माणूस इतक्या पूर्वी चाकाशी खेळत होता.

पण चाकाची एक अट असते. त्याला रस्ता लागतो. सह्याद्रीच्या पायवाटांवर गाडे कसले चालणार? म्हणून शतकानुशतके कोकणातले मीठ आणि देशावरचे धान्य लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून, नाहीतर माणसांच्या डोक्यावरून घाट चढत-उतरत राहिले. खंडाळ्याच्या बोरघाटात गाड्यांना नीट चढता येईल असा रस्ता खुला झाला तो १८३० साली, गव्हर्नर माल्कमच्या अमदानीत. दायमाबादच्या रथानंतर किती पिढ्या गेल्या, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आणि जिथे चाक पोचत नव्हते तिथेच आत्याबाईंच्या वाक्याचे खरे मर्म दडले आहे. साहेब दौऱ्यावर निघे. तंबू, खाट, पेट्या, भांडीकुंडी, बंदुका असा सारा संसार बरोबर. साहेबाचे हात मोकळे. एका हातात फार तर छडी. बाकीचे सारे गावाच्या डोक्यावर. गावच्या डोक्यावर म्हणजे तरी कोणाच्या? आपल्याकडे ते बहुधा महारवाड्याच्या वाट्याला येई. अंमलदाराचे सामान उचलायचे आणि पुढच्या गावच्या वेशीवर नेऊन टाकायचे. ऊन असो, पाऊस असो, घरी पेरणी खोळंबलेली असो. याला नाव 'वतन'. वतनाच्या या गोंडस नावाखाली राबणूक चालते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखले आणि १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. ही वतने कायद्याने संपायला मात्र १९५८ साल उजाडले.

अशीच वेठ हिमालयाच्या पायथ्याशी कुमाऊंत होती. तिथे तिला कुली-बेगार म्हणत. प्रत्येक गावच्या प्रधानाकडे एक वही असे. तीत घरोघरच्या माणसांची नावे. साहेबाचा मुक्काम ठरला की वही उघडायची आणि ज्याची पाळी असेल त्याने मान पुढे करायची. १४ जानेवारी १९२१ रोजी, उत्तरायणीच्या जत्रेत, बागेश्वर येथे शरयू आणि गोमती यांच्या संगमावर हजारो माणसे जमली. बद्रीदत्त पांडे त्यांचे पुढारी. यापुढे बेगारीचे ओझे उचलणार नाही, अशी त्या पाण्याच्या साक्षीने शपथ झाली आणि गावोगावच्या प्रधानांनी आणलेल्या वह्या नदीत सोडण्यात आल्या. एकाही माणसाच्या अंगावर हात न टाकता एक जुलूम वाहून गेला. संक्रांतीच्या स्नानाला याहून मोठे पुण्य कुठले?

दुसऱ्याच्या मानेवर ओझे देणारे असे पुष्कळ झाले. स्वतःच्या कमरेला ओझे बांधून घेणारेही झाले, आणि भाचीचा तो कमरपट्टा पाहताना मला त्यांचीच आठवण झाली. इंग्रज दर्यावर्दी रॉबर्ट स्कॉट १९११ साली दक्षिण ध्रुवाकडे निघाला. तट्टे वाटेतच संपली, कुत्र्यांच्या गाड्या मागे परतल्या, आणि मग माणसांनीच स्वतःला बर्फावरच्या घसरगाड्यांना जुंपून घेतले. कमरेला रुंद पट्टा, खांद्यांवरून बंद, मागे दोर आणि दोराला गाडी. हात मोकळे, पण सारे शरीर जोखडाला. १७ जानेवारी १९१२ रोजी ते पाच जण ध्रुवावर पोचले, तो नॉर्वेचा आमुंडसेन कुत्र्यांच्या जोरावर १४ डिसेंबरलाच तिथे येऊन गेलेला! परतीच्या वाटेवर पाचही जण मरण पावले.

त्या नोव्हेंबरात शोध करणाऱ्यांना त्यांचा शेवटचा तंबू सापडला. आत स्कॉट आणि त्याचे दोन सोबती होते. बाहेरच्या गाडीवर पस्तीस पौंड दगड तसेच होते. उपासमार, हिमदंश, एकेक पाऊल जड झालेले. तरी ते सोळा किलोंचे दगड त्यांनी टाकले नव्हते. वेडेपणाच की नाही? पण त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या एका नामशेष झाडाच्या पानांचे ठसे निघाले. आणि मौज अशी की त्याच झाडाचे ठसे आपल्या नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांतही आढळतात. एके काळी दक्षिणेकडची ही सारी भूमी एकसंध होती, याचा तो एक मोठा पुरावा ठरला. त्या प्राचीन भूखंडाचे नाव आपल्याच गोंडांच्या मुलखावरून पडले आहे, गोंडवन. माणूस दुसऱ्याकडून जे वाहून घेतो ते बहुधा त्याच्या सुखाचे सामान असते. स्वतः जे मरेपर्यंत ओढतो ते कधी कधी सगळ्या जगासाठी असते.

आता भाचीच्या बॅगेकडे येऊ. माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली. आणि प्रवासी पेटीला चाके लागली त्याच्याही पुढच्या वर्षी! बर्नार्ड सॅडो नावाचा एक अमेरिकन गृहस्थ, पेट्यांच्याच धंद्यातला, १९७० मध्ये कुटुंबासह सुट्टीवरून परतत होता. दोन जड पेट्या दोन हातांत, आणि विमानतळावर रांग. इतक्यात एक कामगार चाकांच्या फळीवर अवजड यंत्र सहज ढकलीत नेताना त्याला दिसला. घरी येऊन त्याने पेटीला चार चाके बसवली आणि पुढे एक पट्टा लावला. दुकानदारांनी मात्र ती नाकारली. पुरुषासारखा पुरुष पेटी ओढीत कसा जाईल, अशी त्यांची शंका! अखेर न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाने ती घेतली. १९७२ मध्ये पेटंटही मिळाले. ही पेटी वळणावर कलंडायची. ती खोड काढली रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने, १९८७ साली. त्याने पेटी उभी केली, चाके दोनच ठेवली आणि वर लांब दांडा दिला. आज आपण ओढतो ती तिचीच संतती.

इतका उशीर का लागला? माझ्या मते, पेटीला चाके नव्हती कारण पेटीवाल्याला हमाल होता. ज्याला वजन लागत नाही त्याला युक्ती सुचत नाही. विमानतळ अवाढव्य झाले, हमाल कमी झाले, बायका एकट्या प्रवास करू लागल्या. ओझे ज्याचे त्याच्याकडे परत आले, आणि डोके चालू लागले.

आपल्याकडे 'माथाडी' या शब्दातच माथा आहे. अण्णासाहेब पाटलांनी या माथ्यांना एकत्र आणले आणि १९६९ साली महाराष्ट्रात त्यांच्यासाठी कायदा झाला. रेल्वेतल्या कुलीला 'सहायक' म्हणावे, असे २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी जाहीर केले. माथेरानला मोटारी नाहीत म्हणून माणूस माणसाला ओढीत होता. त्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. बागेश्वरच्या वह्या बुडून तेव्हा एकशे चार वर्षे झाली होती.

आता त्या दिवशीचे उरलेले सांगतो. फलाट संपला आणि पूल आला. नुसत्या पायऱ्या. भाचीची ती गरीब वासरासारखी बॅग पहिल्याच पायरीला अडली. तिने कमरेचा बंद सोडला. मी पुढे झालो, तोच बाकावर बसलेला एक म्हातारा हमाल उठला. लाल सदरा, दंडावर पितळी बिल्ला. त्याने फडक्याची चुंबळ केली आणि चाकांसकट ती बॅग डोक्यावर चढवली.

पूल उतरताना आत्याबाई त्याच्या बरोबरीने चालत होत्या. "या चाकांनी तुमचा धंदा बसला असेल हो?" त्यांनी विचारले.

"बसला की, आजी," तो म्हणाला. "पन पोराला बिल्ला घ्यायला लावला न्हाई. वायरमन हाय तो. त्याची मान बघा कशी ताठ हाय."

रिक्षापाशी त्याने बॅग उतरवली आणि मजुरी सांगितली. आत्याबाईंचा आयुष्यभराचा नेम, की हमालाशी घासाघीस केल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मी वाट पाहत राहिलो. त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली, त्याने सांगितले तेवढे मोजून दिले, आणि मग माझ्या हातातली फराळाची पिशवी ओढून घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवली.