नरोटीची खूण

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशाच्या कार्याचा आरंभ नागपुरात झाला; पुढे ते पुण्यास गेले. त्यांच्या एका कादंबरीच्या नावातच आपला प्रदेश आहे : 'गोंडवनातील प्रियंवदा' (१९२६). तथापि आमच्या विद्यार्थ्यांस ते ठाऊक असतात ते केवळ कोशकार म्हणून. समाजशास्त्रज्ञाने कादंबरी का लिहावी, आणि लिहिल्यास इतिहासाशी कोणत्या अटीवर, हा प्रश्न त्यांच्यामुळे मराठीत ठळकपणे उपस्थित होतो, याकडे सहसा लक्ष जात नाही.

केतकर १८८४ साली रायपूर येथे जन्मले. कॉर्नेल विद्यापीठात असताना त्यांनी लिहिलेला जातिसंस्थेच्या इतिहासावरील ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. मनुस्मृतीच्या पुराव्यावरून तिसऱ्या शतकातील समाजस्थिती सांगावयाची, हे त्याचे प्रयोजन. परंतु स्मृतिग्रंथ विधिनिषेध सांगतो. संकरज संततीस कोणते नाव द्यावे हे मनू सांगतो. त्या संततीस शेजारघरात कोणती वागणूक मिळते आणि तिच्या विवाहाची बोलणी कोठे अडतात, हे तो सांगत नाही. 'ब्राह्मणकन्या' (१९३०) नेमकी येथे सुरू होते. कालिंदी डग्गेचा पिता ब्राह्मण, पण आईचा जन्म रक्षेच्या पोटचा. प्रबंधात जे कलम होते ते येथे एका मुलीचे आयुष्य होते. त्याच कादंबरीत वैजनाथशास्त्री नवी स्मृती रचावयास बसतात. लेखकातील संशोधक तेथे लपून राहू शकत नाही.

मात्र केतकरांनी ही कथा तिसऱ्या शतकात नेली नाही. शातवाहनकालीन महाराष्ट्रावर त्यांनी १९३५ साली ग्रंथ लिहिला, म्हणजे सामग्री हाताशी होती. हरिभाऊ आपटे यांच्यापासून ऐतिहासिक कादंबरीस वाचकही होता. तरी त्यांच्या कादंबऱ्या स्वकालातच वावरतात. माझ्या मते हा संयम होय. समकालीन चित्र चुकले तर शेजारचा वाचक ते खोडून काढू शकतो. शातवाहनकालीन संभाषण कोण खोडणार? त्यांची पात्रे निबंधासारखी बोलतात, हा आक्षेप खरा आहे. भाषेच्या अभ्यासकास तर एकाच माणसाची वाक्यरचना निरनिराळ्या तोंडांतून ऐकू येते. पण त्यामुळे लेखक कोठे बोलतो आहे, हे निदान कळते. आता त्या कादंबऱ्यांस शतक होत आले. स्वकालाची कथा आपोआप इतिहासात जमा झाली असून, प्रबंधांतून तिचे संवाद खानेसुमारीच्या आकड्यांशेजारी पुरावा म्हणून बसविण्याचा मोह वाढू लागला आहे. तो आवरला पाहिजे.

दूरच्या भूतकाळात जाण्याचे धाडस डॉ. इरावती कर्वे यांनी केले. बर्लिनची डॉक्टरेट (१९३०), डेक्कन कॉलेजातील दीर्घ अध्यापन, भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथ (१९५३) आणि मग 'युगान्त' (१९६७), ज्यास १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'युगान्त' ही कादंबरी नव्हे. परंतु द्रौपदीवरील लेखाच्या अखेरीस विवेचन थांबते आणि कल्पित प्रसंग सुरू होतो. तेथवरचे लेखन भांडारकर संस्थेच्या संशोधित आवृत्तीस धरून, आणि पुढचे ती आपली 'नरोटी', असे बाई स्वच्छ सांगतात.

या शब्दावर क्षणभर थांबले पाहिजे. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत पदरची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो, अशी ताकीद त्यांनी दिली. पाठशुद्धी करणाऱ्याने इतरांस दिलेली ही ताकीद होती. बाईंनी ती स्वतःस लावून घेतली, परंतु उलट रीतीने : नरोटी ठेवली, मात्र ताटाबाहेर, आणि नाव सांगून. एका घरगुती शब्दाने संशोधन व कल्पना यांच्यामधील शिवण उघडी राहिली. आज ऐतिहासिक कादंबरीच्या प्रस्तावनेत संदर्भग्रंथांची लांबलचक यादी असते. कोणता प्रसंग त्या यादीतला आणि कोणता लेखकाचा, हे मात्र तीवरून उमगत नाही.

गंमत एवढीच की, महाप्रस्थानाच्या वाटेवर कोसळलेल्या द्रौपदीविषयी 'युगान्त'च्या वाचकास विचारावे, तर त्यास आठवतो तो बहुधा त्या नरोटीतलाच भाग.