दिनविशेष : १० ऑक्टोबर

पुण्याच्या 'प्रभात' चित्रपटसंस्थेत उमेदवारी करून पुढे 'प्यासा'सारखी अजोड कलाकृती निर्माण करणारे दिग्दर्शक व अभिनेते गुरुदत्त १९६४ साली आजच्या दिवशी मुंबईत पेडर रोडवरील आपल्या बिऱ्हाडी मृतावस्थेत आढळले. वय अवघे ३९ होते. गायिका गीता रॉय यांच्याशी १९५३ साली झालेला त्यांचा प्रेमविवाह कलहाने पोखरला गेला होता व दोघे विभक्त राहत होती. 'कागज़ के फूल' (१९५९) या भारतातील पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटात, वरून उतरणाऱ्या प्रकाशझोतात एकमेकांपासून दूर उभ्या असलेल्या नायक-नायिकेमागे जो आर्त स्वर येतो, तो गीताबाईंचाच! तो चित्रपट कोसळल्यावर गुरुदत्तांनी दिग्दर्शक म्हणून आपले नाव पुन्हा कधीही पडद्यावर येऊ दिले नाही.

मद्य आणि झोपेच्या गोळ्या यांच्या संयोगाने मृत्यू ओढवला, हे निर्विवाद. तथापि पूर्वीच्या दोन प्रयत्नांचा दाखला देऊन कित्येकांनी त्यास आत्महत्या ठरविले, तर पुत्र अरुण दत्त यांनी तो अपघात मानला. पुरावा असा दुभंगलेला असता मृतावर आत्मघाताचा शिक्का मारणे आम्हांस अन्यायाचे वाटते. त्यांच्या मृत्यूने अपुरा राहिलेला चित्रपट 'बहारें फिर भी आएंगी' धर्मेंद्र यांना नायक करून १९६६ साली प्रदर्शित झाला. गीताबाई १९७२ साली निवर्तल्या.