यंत्राच्या वेगाची पारख

कोणते यंत्र अधिक वेगवान, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. दोन यंत्रांना एकच काम द्यावे, घड्याळ लावावे आणि निकाल सांगावा, एवढेच काय ते करावयाचे! परंतु संगणकाच्या इतिहासात हाच प्रश्न फार बिकट ठरला. लिस्प या संगणकभाषेची कथा या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी 1958 साली या भाषेचा आरंभ केला. केवळ आकडेमोड हा तिचा हेतू नव्हता; चिन्हांच्या याद्या हाताळून यंत्राकरवी बुद्धीची कामे करवून घ्यावीत, ही तिच्यामागील आकांक्षा होती. अशा कामांना स्मृती आणि वेळ ही दोन्ही पुष्कळ लागत. म्हणून 1970 च्या दशकात त्याच संस्थेत केवळ लिस्पसाठी खास यंत्रे घडविण्यात आली आणि पुढे सिंबॉलिक्ससारख्या कंपन्या ती विकू लागल्या. यंत्रे महाग होती. त्यांवर खर्च केलेल्या पैशाचे चीज होईल की नाही, हे घेणाऱ्यास कळणे अगत्याचे होते.

तुलनेसाठी जपानी संशोधक इकुओ ताकेउची यांचे एक लहानसे सूत्र प्रचारात आले. ‘टॅक’ या नावाने ते ओळखले जाते. त्यास 18, 12 आणि 6 या संख्या दिल्या की उत्तर 7 येते. पण तेवढ्यासाठी सूत्राची 63,609 आवाहने होतात आणि 47,706 वेळा एक वजा करावा लागतो. मौज अशी की, प्रचारात येताना मूळ सूत्रातील एक अक्षर बदलले होते. मूळ सूत्राचे उत्तर 18 येते! तेव्हा वेळ सांगताना कोणते सूत्र चालविले, हेही सांगणे प्राप्त झाले.

रिचर्ड गॅब्रिएल यांनी 1985 साली लिस्प प्रणालींच्या कार्यक्षमतेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. एका चाचणीवर विसंबून न राहता त्यांनी बैजिक गुणाकार, कोडी, याद्यांची उलथापालथ, लेखनवाचन अशा नाना चाचण्या अनेक यंत्रांवर घेतल्या. एका कामात अग्रेसर असलेली प्रणाली दुसऱ्या कामात मागे पडे. संख्या लहान व पूर्णांकी आहेत, एवढे आधी सांगितले तरी त्याच यंत्राचा वेळ कितीतरी घटे. शिवाय निरुपयोगी झालेली स्मृती परत गोळा करण्यास लागणारा वेळ हिशेबात धरला की वगळला, यावरही निकाल अवलंबून असे.

1980 च्या दशकाच्या अखेरीस सर्वसामान्य संगणकच वेगवान व स्वस्त झाले आणि खास यंत्रांची बाजारपेठ ओसरली. त्या चाचण्या मात्र टिकल्या. लिस्पच्या नव्या प्रणाली घडविणारे आजही त्या चालवून पाहतात. वेगाचा आकडा पुढे आला की, तो कोणत्या कामाचा आणि त्यात काय धरले, काय वगळले, हे विचारण्याची सवय या इतिहासाने लावली. संगणक विकत घेणाऱ्या प्रत्येकाने ती अंगी बाणवावी, अशीच आहे.