शुद्ध प्रत आणि परकी ओवी

परभणी जिल्ह्यांतील पेडगावसारख्या गांवीं हरिनाम-सप्ताह बसला म्हणजे ज्ञानेश्वरीचें पारायण होतें. व्यासपीठावरून ओवी उच्चारली जाते आणि समोरची मंडळी आपापल्या पोथींत बोट फिरवीत तीच म्हणतात. इतक्या पोथ्यांतून ओवी बहुधा एकच कशी निघते, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. त्याचें उत्तर याच गोदावरीच्या कांठीं, वर पैठणास सांपडतें.

ज्ञानेश्वरी शके १२१२ त, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, नेवाशास पूर्ण झाली. सच्चिदानंदबाबा तिचे लेखक होते. पुढें सुमारें तीनशें वर्षें ती हातानें उतरली गेली. एका लेखकाची ओळ सुटे. दुसरा अवघड शब्दाच्या जागीं सोपा घाली. तिसरा भक्तीच्या भरांत स्वतःची ओवी समासांत लिही. चौथा नक्कल करितांना ती समासांतून मुळांत ओढी, आणि पांचव्याच्या लेखीं ती ज्ञानदेवांचीच होई.

शके १५०६ त, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, एकनाथमहाराजांनीं शुद्ध प्रत सिद्ध केली. तिच्या शेवटीं त्यांनीं शक, तारण संवत्सर, भाद्रपदांतील कपिलाषष्ठी आणि गोदातटींचें प्रतिष्ठान हें स्थळ नोंदविलें. ग्रंथ मुळचा शुद्धच, पाठांतरानें तो बिघडला, असें सांगून, यापुढें जो त्यांत आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटांत करवंटी ठेवील, असा इशाराही दिला. प्रतीवर ओळखीची खूण बसली आणि परक्या मजकुरास दार बंद झालें. नाथ स्वतः थोर ओवीकार. परंतु त्यांची ओवी त्यांच्या भागवतांत राहिली, ज्ञानेश्वरींत शिरली नाहीं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. काय वगळलें आणि काय बदललें, याची यादी नाथांनीं ठेविली नाहीं. त्यांचा हेतु भाविकास निर्मळ ग्रंथ देण्याचा होता, संशोधकास पुरावा देण्याचा नव्हे. त्यामुळें इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९०९ मध्यें नाथपूर्व म्हणून एका जुन्या पोथीचा पाठ छापला, तेव्हां तिच्या प्राचीनत्वाविषयीं विद्वानांत वाद माजला. वगळलेलें कोठें तरी बाजूस लिहून ठेविलेलें असतें, तर त्या वादांत एक भक्कम साक्षीदार उभा राहिला असता.

ही उणीव पुण्यास भरून निघाली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ मध्यें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें. १९२३ मध्यें उटगीकरांचें विराटपर्व केवळ नमुन्यादाखल निघालें. १९२५ पासून डॉ. सुखटणकर प्रमुख संपादक झाले आणि १९३३ मध्यें आदिपर्व पुरें झालें. वर स्वीकारलेला पाठ. खालीं प्रत्येक पोथीच्या संकेतासह पाठभेद. मागून शिरलेले श्लोक तारांकित. लांब भाग परिशिष्टांत. व्यासांनीं सांगितलें आणि गणपतीनें लिहिलें, ही घरोघरची कथासुद्धां परिशिष्टांत गेली. पण ती फेंकून दिली नाहीं. तिची जागा काय, एवढेंच सांगितलें. हें काम १९६६ मध्यें समाप्त झालें.

आज संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे याच वाटेनें जातात. लिनस टॉरवल्ड्स यांनीं २००५ मध्यें रचिलेल्या 'गिट' या साधनांत प्रत्येक नोंदविलेला फेरफार जपला जातो. लोकांच्या हातीं देण्याजोगी अवस्था आली म्हणजे तिला 'टॅग' नांवाची खूणचिठ्ठी बांधतात. आणि दुसऱ्याची आज्ञावली आपल्यांत न मिसळतां तिची नेमकी कोणती अवस्था घेतली, एवढें नोंदून ठेवितां येतें. परक्याचें घेणें हा दोष नव्हे. ज्ञानेश्वरी स्वतःच गीतेच्या ७०० श्लोकांवर उभी आहे. परंतु श्लोक श्लोकाच्या जागीं आणि ओवी ओवीच्या जागीं आहे, म्हणून व्यासांचें कोणतें आणि ज्ञानदेवांचें कोणतें हें पोरासही कळतें.

पारायण संपतांना पोथीच्या अखेरीस छापलेल्या नाथांच्या त्या ओव्या कित्येकदां घाईनें उरकल्या जातात. त्या सावकाश वाचाव्या. हातांतली प्रत कोणाची, कोठली आणि केव्हांची, हें तेथेंच लिहिलेलें आहे.