चिंचणीचे गोडे पाणी आणि भूजलाचा कायदा

चिंचणी हे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. अशा किनाऱ्यावर जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. त्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असेल, तर सपाटीखाली सुमारे 40 फुटांपर्यंत गोडे पाणी टिकते. हा हिशेब उलटाही चालतो. अतिउपशाने वरची पातळी एक फूट उतरली की खालचे खारे पाणी कालांतराने त्याच प्रमाणात वर चढते आणि विहीर मचूळ होते.

जुन्या ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवर वाड्यांचे शिंपणे रहाटावर होई. बैल किंवा रेडा गोल फिरे, गाडग्यांची माळ विहिरीत उतरे, भरून वर येई आणि पन्हळीत रिती होई. तिथून पाणी पाटाने आळ्यांत जाई. जनावर थकले की उपसा थांबे आणि तेवढ्या वेळात झरे विहीर भरून काढीत. पंप आले तेव्हा ही मर्यादा गेली. तिची जागा घेईल असा नियम मात्र कुठेच नव्हता.

जो कायदा होता, त्याने उलट मोकळीक दिली. 1882 चा सुविधाधिकार कायदा 1891 मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. ठरावीक प्रवाहातून न वाहणारे भूजल आपल्या हद्दीत उपसण्याचा हक्क त्याने जमीनमालकाला दिला. त्याचे मूळ इंग्लंडमधले. तिथे 1843 च्या ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल खटल्यात खाणीमुळे शेजाऱ्याची विहीर आटली, तरी खाणमालकावर जबाबदारी आली नाही. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला तर या पाण्यात वाटाच उरला नाही. डहाणू-तलासरीसारख्या आदिवासी भागात हा अन्याय लहान नव्हे.

1972 च्या दुष्काळाच्या सुमारास राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. 1993 च्या कायद्याने सार्वजनिक पेयजलस्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आणले. 2009 चा व्यापक भूजल कायदा 1 जून 2014 पासून अमलात आला. त्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. ही मोजपट्टी दुष्काळी पठाराच्या अनुभवातून आलेली दिसते. किनाऱ्यावर खारे पाणी त्याच्या कितीतरी आधी लागू शकते. चिंचणीसारख्या गावांसाठी उपशाची मर्यादा विहिरीच्या खोलीवर नव्हे, तर पाण्याची पातळी आणि खारटपणा मोजूनच ठरवायला हवी.