पन्नास वर्षांचं भांडण: ऑनलाइन खरेदीवर विक्रीकर कुणी गोळा करायचा?

आजच्या भागात एका कराची गोष्ट. थांबा, लगेच पुढे ढकलू नका. तुमच्या फोनवरचं शॉपिंग इतकं फोफावलं, त्यात या भांडणाचाही वाटा आहे.

अमेरिकेत आपल्यासारखा देशभराचा जीएसटी नाही. विक्रीकर राज्यं लावतात, तोही 45 राज्यांतच. दुकानदार गिऱ्हाइकाकडून कर घेतो आणि सरकारला भरतो. पण माल परराज्यातून टपालानं आला तर? कायदा म्हणतो, गिऱ्हाइकानं तो स्वतःहून भरावा. आता सांगा, स्वतःहून कोण भरणार?

म्हणून इलिनॉय राज्यानं ठरवलं, माल पाठवणाऱ्या कंपनीनंच कर गोळा करावा. मिझुरीतली 'नॅशनल बेलास हेस' ही कॅटलॉगवरून माल विकणारी कंपनी कोर्टात गेली. 1967 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं: ज्या राज्यात कंपनीचं दुकान नाही, गोदाम नाही, माणूस नाही, तिथला कर तिच्यावर लादता येणार नाही.

पुढचा खटला 1992 चा. नॉर्थ डकोटा राज्य विरुद्ध ऑफिसचं सामान विकणारी 'क्विल'. गंमत बघा, ऑर्डर देण्याच्या सॉफ्टवेअरच्या क्विलच्या मालकीच्या काही फ्लॉपी त्या राज्यात गिऱ्हाइकांकडे होत्या. पण तेवढ्यानं कंपनी तिथे 'हजर' ठरत नाही, असं कोर्टानं म्हटलं. जुना नियम कायम राहिला. मात्र संसद कायदा करून तो बदलू शकते, हेही कोर्टानं सांगितलं. संसदेनं तो बदललाच नाही.

दोनच वर्षांनी जेफ बेझोस यांनी अ‍ॅमेझॉन सुरू केली. त्यासाठी कमी लोकसंख्येचं राज्य हवं होतं, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. कारण सोपं: कर फक्त त्याच राज्यातल्या गिऱ्हाइकांकडून घ्यावा लागणार! कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं मात्र मरण. लोक त्याच्याकडे बूट घालून बघायचे आणि कर वाचवून ऑनलाइन मागवायचे.

शेवटी साउथ डकोटा उभं राहिलं. तिथे राज्याचा आयकर नाही, म्हणजे सगळी भिस्त विक्रीकरावर. 2016 मध्ये त्यांनी कायदा केला: वर्षाला राज्यात 1 लाख डॉलरपेक्षा जास्त विक्री किंवा किमान 200 व्यवहार असतील, तर बाहेरच्या विक्रेत्यानंही कर गोळा करायचा. फर्निचर विकणारी 'वेफेअर' आणि इतर कंपन्या लढल्या. 21 जून 2018 रोजी 5 विरुद्ध 4 मतांनी राज्य जिंकलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती केनेडी 1992 मध्ये क्विलच्या बाजूनं उभे होते!

डाउनलोडचा गुंता वेगळाच. गाणं हातात धरता येत नाही, मग ती 'वस्तू' का? वॉशिंग्टन राज्य 2009 पासून डाउनलोडवर कर घेतं, कॅलिफोर्निया घेत नाही. आपल्याकडे 2004 साली टीसीएस आणि आंध्र प्रदेश यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सीडीवरचं तयार सॉफ्टवेअर 'माल' ठरवलं. डिसेंबर 2016 पासून परदेशी कंपन्यांच्या डिजिटल सेवाही करात आल्या. आज अशा अ‍ॅपच्या सबस्क्रिप्शनवर 18 टक्के जीएसटी लागतो.

बिलात ती ओळ दिसली की लक्षात ठेवा: कर किती, यावर सगळे बोलतात. पण तो गोळा कुणी करायचा, यावर दुकानं टिकतात किंवा बंद पडतात. भेटू पुढच्या भागात!